गोळी आहे म्हणून लस नको?

न्यूमोनियाबद्दलचा एक लांबलचक मेसेज सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. मला तो आठवड्याभरात चौघांनी पाठवला, प्रत्येक वेळी शेवटी जोडलेले हात. त्यात पाच दावे आहेत. कफ हिरवा झाला की न्यूमोनिया समजून ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक तीन दिवस सुरू करावं. अँटिबायोटिकने न्यूमोनिया हमखास बरा होतो, म्हणून लस हा निव्वळ धंदा. लस घेतलेल्यांनाही न्यूमोनिया होतो, म्हणजे ती निकामी. उलट लसीतल्या जंतूंमुळेच तो होतो. आणि खोकला पूर्ण जाईपर्यंत गोळ्या थांबवू नयेत.

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. बेडक्याच्या डब्या उघडणं हे माझं रोजचं काम, तेव्हा हिरव्या कफापासूनच सुरुवात करते.

तो हिरवा रंग जिवाणूंचा नसतो. संसर्गाशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये मायलोपरॉक्सिडेज नावाचं लोहयुक्त विकर असतं, ते मुळातच हिरवं. विषाणूमुळे झालेल्या साध्या ब्राँकायटिसमध्येही (श्वासनलिकांच्या सुजेतही) कफ असाच हिरवागार येतो. न्यूमोनिया ठरतो तो फुप्फुसातल्या वायुकोशांत पू-पाणी भरलं की नाही यावर, आणि ते कळतं श्वासाच्या वेगावरून, स्टेथोस्कोपमधून, एक्स-रेवरून. बरं, न्यूमोनिया आहे हे पक्कं झालं तरी जिवाणूच असेल असं नाही. अमेरिकेत 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, न्यूमोनियाने रुग्णालयात दाखल झालेल्या दोन हजारांहून जास्त प्रौढांच्या कसून तपासण्या केल्या होत्या. त्यातल्या 38 टक्के लोकांमध्येच कारण सापडलं, आणि सापडलेल्यांत विषाणूंची संख्या जिवाणूंपेक्षा जास्त निघाली. तरीही न्यूमोनिया दिसला की डॉक्टर अँटिबायोटिक देतात, कारण पहिल्या दिवशी खात्रीने सांगता येत नाही आणि वाट पाहणं महागात पडू शकतं. तो अंदाज रुग्णाला तपासून केलेला असतो, कफाचा रंग बघून नाही.

शिवाय ॲझिथ्रोमायसिनच का? न्यूमोनियाचा सगळ्यात नेहमीचा जिवाणू म्हणजे न्यूमोकोकस, आणि तो बऱ्याच ठिकाणी या औषधाला दाद देईनासा झालाय. 2019 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचना सांगतात, की न्यूमोकोकसमधला प्रतिरोध 25 टक्क्यांहून कमी असेल तिथेच ते एकटं द्यावं. एरवी धडधाकट असलेल्या आणि घरीच उपचार घेणाऱ्या माणसासाठी त्यांची पहिली पसंती ॲमॉक्सिसिलिन किंवा डॉक्सिसायक्लिन. आता ॲमॉक्सिसिलिन पेशीभित्तिकेवर घाव घालतं, आणि मायकोप्लाझ्मा या दुसऱ्या जिवाणूला पेशीभित्तिकाच नसते. तिथे ते औषध वाया. एकच पाकीट सगळ्यांना चालत नाही ते यामुळे.

दुसरा दावा मात्र मला खरा महत्त्वाचा वाटतो, कारण तो ऐकायला शहाणपणाचा आहे. औषध आहे ना, मग टोचून कशाला घ्यायचं? गंमत अशी, की हा प्रयोग जगाने एकदा करून पाहिलाय.

1945 साली चार प्रकारच्या न्यूमोकोकसवरची लस अमेरिकेत एका लष्करी प्रशिक्षण केंद्रात उपयोगी ठरली. पाठोपाठ सहा प्रकारांवरच्या लसी बाजारात आल्या. पण तोवर पेनिसिलिन आलं होतं. न्यूमोनियाचे रुग्ण डोळ्यांदेखत बरे होत होते, लसीकडे कुणी ढुंकून बघेना, आणि उत्पादकांनी ती बाजारातून काढून घेतली. रॉबर्ट ऑस्ट्रियन नावाचे डॉक्टर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका रुग्णालयात हे रुग्ण मोजत बसले. त्यांनी आणि जेरोम गोल्ड यांनी 1964 मध्ये जे मांडलं ते आजही बोचतं. न्यूमोकोकस रक्तात उतरलेल्या रुग्णांपैकी आजाराच्या पहिल्या पाच दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण पेनिसिलिनने जवळपास बदललंच नव्हतं. त्यानंतरचे मृत्यू औषधाने प्रचंड घटवले, पण ते पहिले पाच दिवस निभावले तर.

असं का होतं, ते माझ्या टेबलावर रोज दिसतं. स्लाइडवर न्यूमोकोकस जोडीजोडीने बसलेला असतो, जांभळा, टोकाकडे निमुळता, भोवती कवचाचं फिकट वलय. रक्त घातलेल्या प्लेटवर वाढवला की वसाहतीभोवती हिरवट छटा येते, आणि दुसऱ्या दिवशी वसाहत मध्यभागी खचते. आम्ही त्याला 'कॅरम कॉइन' म्हणतो. खचते, कारण मधले म्हातारे जिवाणू आपल्याच विकराने फुटतात. फुटताना आतलं न्यूमोलायसिन हे विष बाहेर पडतं, आणि ते आपल्या पेशींना भोकं पाडतं. फुप्फुसातही हेच होतं. औषध जिवाणू मारतं, पण वायुकोशांत साचलेलं पाणी उपसत नाही आणि सांडलेलं विष परत भरत नाही.

ऑस्ट्रियन पुन्हा लसीकडे वळले. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत कामगारांवर चाचण्या झाल्या, 1977 मध्ये 14 प्रकारांवरच्या आणि 1983 मध्ये 23 प्रकारांवरच्या लसीला मंजुरी मिळाली. टाकून दिलेली लस परत आणायला मधे तीसेक वर्षं गेली.

'लस घेऊनही होतो' हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि दोष थोडा नावाचा आहे. आपण 'न्यूमोनियाची लस' म्हणतो, ती असते न्यूमोकोकसची, तीही त्याच्या शंभराहून अधिक प्रकारांपैकी ठराविक प्रकारांवरची. नेदरलँड्समध्ये 65 वर्षांवरच्या सुमारे 84 हजार लोकांवर 13 प्रकारांच्या लसीची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2015 मध्ये आले. लसीतल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया सुमारे 45 टक्क्यांनी घटला, आणि त्याच प्रकारांचा रक्तात वगैरे पसरणारा गंभीर आजार सुमारे 75 टक्क्यांनी. सर्व कारणांचा न्यूमोनिया एकत्र मोजला तर ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. म्हणून तर फ्लूची लसही याच हिशेबात धरायची: 1918 च्या साथीत बहुतेक माणसं फ्लूमागून आलेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने गेली. आणि अमेरिकेत 2000 पासून बाळांना न्यूमोकोकसची लस मिळू लागल्यावर लस न घेतलेल्या म्हाताऱ्यांमध्येही हा आजार कमी झाला, कारण नातवंडांच्या नाकाघशातूनच तो घरभर फिरायचा.

चौथा दावा एका वाक्यात संपतो. या लसीत जिवाणू नसतोच, जिवंत नाही की मेलेला नाही, फक्त त्याच्या कवचातली साखर असते. दोन वर्षांखालच्या मुलांचं शरीर नुसत्या साखरेला प्रतिसाद देत नाही, म्हणून त्यांच्या लसीत ती एका निरुपद्रवी प्रथिनाला जोडलेली असते. टोचल्यावर दंड दुखला, एखाद दिवस कणकण आली, तर तो न्यूमोनिया नव्हे.

राहिला खोकला. औषध कधी थांबवायचं हे त्यावरून ठरत नाही. ताप उतरला, नाडी-श्वास ताळ्यावर आले, की बहुतेकांना पाच दिवस पुरतात. 2021 मध्ये आलेल्या एका फ्रेंच चाचणीत, रुग्णालयात तिसऱ्या दिवशी स्थिरावलेल्यांना तीन दिवसांचं औषधही आठ दिवसांइतकंच लागू पडलं. लेजिओनेलासारख्या काही जंतूंना जास्त दिवस लागतात, ते डॉक्टर ठरवतील. खोकला मात्र सहा आठवडे रेंगाळू शकतो, थकवा तीन महिने. तोवर अँटिबायोटिक गिळत राहिलात तर पोटातले, या आजाराशी संबंध नसलेले जंतू तेवढे औषधाला निर्ढावतील.

जे मेसेजमध्ये असायला हवं होतं ते नाहीच: श्वास मोजणं. वयस्कर माणसाला न्यूमोनियात ताप येईलच असं नाही, कधी फक्त असंबद्ध बोलणं सुरू होतं. छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. प्रौढात 30 किंवा जास्त भरले तर तडक रुग्णालय गाठा. दोन महिने ते वर्षाच्या बाळात 50, एक ते पाच वर्षांच्या मुलात 40 भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असला, तरी थांबू नका. फक्त मूल रडत असताना किंवा दूध पिताना मोजू नका, आकडा फुगतो. आधी शांत होऊ द्या, अंगावरचा कपडा वर करा, मग मोजा.