ढ, दोन अक्षरे

रविवारी रंकाळ्यावर फेरी मारून आल्यावर चहासोबत शब्दकोडे सोडवायचे, हा माझा जुना नेम आहे आणि दर आठवड्याला त्याचा विचका नेमका दोन अक्षरी शब्दांपाशी होतो. परवा 'गुळाचा ठोकळा' अशी सूचना होती. कोल्हापूरच्या माणसाला हे काय विचारायचे, असे म्हणत मी ऐटीत 'रवा' लिहिले, आडवा शब्द बसेना म्हणून ते खोडून 'भेली' लिहिले, आणि खोडरबराने कागदाला भोक पडल्यावर उमगले की त्यांना 'ढेप' हवी होती.

बरे, नुसता 'ढ' कळूनही भागत नाही, कारण मराठी कोड्यात काना-मात्रेसह अख्खे अक्षर एका चौकटीत बसते; त्यामुळे ढग, ढाल, ढोल आणि ढेप या चौघांची पहिली घरे चार निराळी. शब्दकोश उघडावा, तर त्यातील शब्द वर्णक्रमाने लावलेले असतात, अक्षरांच्या संख्येने नव्हे, म्हणजे दोन अक्षरांसाठी 'ढ'ची सगळी पाने चाळा! त्यावर कडी म्हणजे या वेळी एका उभ्या शब्दाचे पहिलेच घर 'ळ'वर आले होते. 'ळ'ने मराठीत शब्द सुरू होत नाही, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते (निदान 'ण'साठी आमच्या शेजारच्या काकू 'णमोकार' तरी सुचवतात). मग चूक माझी की कोडे रचणाऱ्याची, हे पुढच्या रविवारी उत्तरे छापून येईपर्यंत कळणार नाही, आणि मागच्या रविवारची रद्दी तोवर घरातून हमखास गेलेली असते.