'आकिको'वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही नाव दिलेलं नाही, तेव्हा नुसतंच 'अहो'.

जपानी ऋतूनावांवरच्या माझ्या लेखात 'आकिको' या बायकांच्या नावाचा अर्थ मी 'शरदाची लेक' असा दिला होता ('आकि' म्हणजे शरद, 'को' म्हणजे मूल). त्यावर तुमची प्रतिक्रिया अशी : "आकिको म्हणजे 'शरदाची लेक' हे गूगलवरून उचललेलं दिसतं. अर्थ अक्षरावरून ठरतो, उच्चारावरून नाही. 'को' फक्त बायकांच्याच नावात, हेही चूक. आणि नाव अकिको नव्हे, आकिको."

शेवटचं मान्य. दुरुस्त केलंय.

आता 'उचललेलं'. चूक जरूर दाखवा, पण हा शब्द जपून वापरावा. नोकरी सांभाळून पुण्यात सकाळच्या वर्गाला जाऊन मी कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं, गिरवली आहेत. पुढे चाकणच्या एका कारखान्यात सहा वर्षं दुभाषी होते. तिथे एक आकिकोसान होत्या. पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हटलं, "म्हणजे तुमचा जन्म शरदातला!" त्या हसल्या आणि तळहातावर बोटाने अक्षर काढून दाखवलं : सूर्य, त्याला चिकटून चंद्र. म्हणजे 'उजळ'. जन्म मार्चचा. तेव्हा अक्षराचं महत्त्व मला शिकवू नका.

कवयित्री योसानो आकिको घ्या. १८७८ साली साकाईत जन्मलेल्या या बाईंचं मूळ नाव शो. ज्या अक्षराचा एक उच्चार 'शो' होतो, तेच स्फटिकाचं अक्षर घेऊन त्या आकिको झाल्या. शरद तिथे औषधालाही नाही. इतकंच काय, जपानच्या कुटुंबनोंदणीत मे २०२५पर्यंत नावाचा उच्चार नोंदवणं बंधनकारकच नव्हतं. अक्षरं लिहिली की काम झालं. बघा, तुमच्या बाजूचा भक्कम पुरावाही मीच दिला. तुम्ही एक वाक्य फेकून मोकळे!

मग मी शरदच का लिहिला? तर लेख ऋतूंच्या नावांवर होता. हारुको, नात्सुको, आकिको, फुयुको अशी ओळच लागते. दर नावापुढे 'अक्षर तपासून घ्यावे' अशी पाटी लावायची होती का? (आणि हो, ऑक्टोबर होता.)

'को'बद्दल : इ.स. ६०७ मध्ये चीनच्या सुई दरबारी गेलेला जपानी दूत ओनो नो इमोको पुरुष होता, ठाऊक आहे. चौदाशे वर्षांपूर्वीचा गृहस्थ. त्याच्यासाठी लेख बदलत बसायला मला वेळ नाही.

'शरदाची लेक' हे शीर्षक तसंच ठेवतेय.