'फक्त लढ म्हणा' हे नेमकं कोण म्हणतंय?

स्पर्धा परीक्षेच्या क्लासचा फ्लेक्स असो, पावसाळ्यातलं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस असो की कुणा पुढाऱ्याचं भाषण, कुसुमाग्रजांच्या 'कणा'ची शेवटची ओळ सगळीकडे चालते. आणि दरवेळी ती वरून खाली बोलली जाते. आम्ही सांगतो, तुम्ही लढा!

कवितेत नेमकं उलटं आहे. ही ओळ पुरात घर गेलेल्या माणसाच्या तोंडी आहे. त्याला लढ म्हणून सांगायची गरजच नाही. कारभारणीला घेऊन पडकी भिंत बांधतोय, चिखलगाळ काढतोय, 'लढतो आहे' हे त्याने आधीच सांगून टाकलंय. तो सरांकडे काहीतरी मागायला आलाय, आणि ते काय हे कळायला पहिल्या ओळीकडे जावं लागतं.

'ओळखलंत का सर मला?'

प्रश्नाने सुरू होणाऱ्या या कवितेत सर अवाक्षरही बोलत नाहीत. ओळखलं की नाही, तेही नाही. गंगामाई (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात) घरात शिरून काय काय घेऊन गेली ते हा हसत हसत सांगतो, आणि सरांचा हात जातो खिशाकडे. माझ्या मते कवितेचा सांधा इथे आहे. सर वाईट नाहीत, भलेच आहेत. पण त्यांना समोर गरजू दिसला, आपला विद्यार्थी दिसला नाही. म्हणून तो उठतो, पैसे नको म्हणतो आणि तोच हात पाठीवर मागतो. कणा जिथे असतो तिथे! पहिल्या ओळीतल्या प्रश्नाचं उत्तर कसं द्यायचं, हे शेवटी त्यालाच सरांना शिकवावं लागतं.

सुरुवात कापून शेवट तेवढा उचलला की मागणाऱ्याचा उपदेशक होतो. वक्तृत्व आणि काव्यवाचन स्पर्धांत तर मुलं ही ओळ मूठ आवळून, माईक फाटेस्तोवर ओरडतात. परीक्षकही खूश. अरे, तो एकटेपणा वाटला म्हणून आलेला माणूस आहे, सरांसमोर उभा राहून ओरडेल का?

'औदुंबर'ची गत दुसऱ्या टोकाने तीच. बालकवींची (१८९०-१९१८) ही कविता अवघ्या आठ ओळींची, पण लोकांना आठवतो तो निळासावळा झरा आणि हिरवळ. म्हणजे सुरुवात. तेवढंच धरलं तर ते कॅलेंडरवरचं निसर्गचित्र आहे. पण त्याच हिरवळीतून एक पांढरी पायवाट काळ्या डोहाकडे चाललेली असते आणि पाण्यावर 'गोड काळिमा' पसरत जातो. शीर्षकातलं झाड येतं थेट शेवटच्या शब्दाला, पाण्यात पाय टाकून बसलेलं. तिथं पोचल्यावर वरचं सगळं हिरवं वेगळं दिसायला लागतं. ते उदास आहे की शांत, यावर समीक्षकांनी भरपूर वाद घातलेत. मला ते उदास वाटतं. पण कुणाला शांत वाटलं तरी माझं भांडण नाही, फक्त डोहापर्यंत चालत या आणि मग बोला.

शेवटाने आधीचं सगळं पालटून टाकलं अशी कविता तुम्हाला आठवत असेल तर कमेंटमध्ये तिचं नाव आणि कवी लिहा. सुटी शेवटची ओळ कृपया नको.