फक्त इंजिन

स्वस्तातली जुनी व्हॅन विकणारा माणूस बहुधा एकाच दमात सांगतो, "गाडी एक नंबर आहे, टायर नवे आहेत, फक्त इंजिन बदलायचंय." यातला सगळ्यात महाग सुटा भाग म्हणजे 'फक्त'. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण इथे तोकडी पडते. त्या म्हणीत मसाल्याचा भाव निदान आधी कळलेला असतो.

इंजिन कशानं गेलं, असं मी विचारतो. "चालता चालता बंद पडलं" असं उत्तर येतं. म्हणजे शवविच्छेदन आपणच करायचं. गाडी न्यूट्रलला टाकावी, क्रँक पुलीच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या टोकावरच्या चाकाच्या, बोल्टला गोटी पाना लावावा आणि इंजिन नेहमीच्या दिशेनं हातानं दोन पूर्ण फेरे फिरवावं. जागचं हललंच नाही, तर जाम झालंय. ऑइल संपून बेअरिंगं चिकटलेली असतात, नाहीतर सिलिंडरात पाणी शिरलेलं असतं. मध्येच कुठे अडलं तर जोर करू नये. जोर करून निघणारी गोष्ट तुटूनच निघते. आणि कुठेच दाब न लागता गरागरा फिरलं, तर खूश होऊ नये. टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवणारा पट्टा, तुटलेला असण्याची शक्यता असते. पुष्कळ इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात.

दाब लागत असेल, तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरातला दाब, मोजून घ्यायचं. पेट्रोल इंजिनाला साधारण 10 ते 14 बार, डिझेलला 25 ते 35. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बघावा. 10-15 टक्क्यांच्या वर गेला की काहीतरी बिघडलंय. पेट्रोल इंजिन असेल तर कमी दाबाच्या सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावं. दाब चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधला सीलचा पत्रा. शेजारशेजारचे दोनच सिलिंडर कमी दाखवत असतील, तर मात्र चेहरा मख्ख ठेवावा. हेड गॅस्केट त्या दोघांच्या मध्ये फुटलेलं असू शकतं. हेड काढून, तडा नाही याची खात्री करून, ते प्लेन करून नवं गॅस्केट टाकलं की भागू शकतं. विकणारा गाडी इंजिनासकट मेली म्हणून देतोय आणि ती नुसती बेशुद्ध आहे! अशी व्हॅन घेण्याचं मला पटणारं कारण बहुतेक हे एकच.

बाकी वेळी अडचण इंजिनाची नसतेच. इंजिन बंद असलं की त्याच्या आड सगळे दोष निवांत झोपलेले असतात. गिअरबॉक्स तिसऱ्या गिअरला कुरकुरतो का, क्लच घसरतो का, पॉवर स्टिअरिंगचा पंप रडतो का, यातलं काही कळत नाही. ते सगळे नव्या इंजिनाबरोबर जागे होतात.

दुसरं इंजिन आणायचं, तर ब्लॉकवरचा कोड जुळवून आणायचं. नाव तेच आणि सेन्सरचे प्लग वेगळे, हा या धंद्यातला नेहमीचा विनोद. आणि इंजिन बाहेर आलंच आहे, तर "आता काढलंच आहे तर" सुरू होतं. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील, टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, माउंटिंगची रबरं. यातलं काही वाचवायला जाऊ नये. एवढंसं सील वाचवलं की पुन्हा सगळा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. जुनं इंजिन तापून गेलं असेल तर रेडिएटरही बघा, नाहीतर नवंही त्याच वाटेनं जाईल.

गाडीची किंमत, टोचन, इंजिन, मजुरी, वरचे सगळे भाग, ऑइल, कूलंट. बेरजेवर आणखी पाव हिस्सा चढवा, कारण एक्झॉस्टचे गंजलेले स्टड तुटणारच. हा आकडा तशाच चालू गाडीच्या भावाच्या जवळपास जरी आला, तरी मी तिथून निघतो. मन त्या रात्री तो पाव हिस्सा गुपचूप खोडायला बघतं.

पत्रा तपासल्याशिवाय यातलं काहीच करू नये. सरकत्या दाराची खालची पट्टी, चाकांच्या कमानी, सस्पेन्शन जिथे चासीला धरतं ती जागा. लोहचुंबक चिकटत नसेल तर रंगाखाली लांबी (पुट्टी) भरली आहे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक आत गेलं तर पुढचं बोलणं थांबवावं. इंजिन बदलता येतं, कुजलेली चासी कोण बदलतं?

आणि ते नवे टायर. बाजूच्या भिंतीवर चार आकडी शिक्का असतो. 2314 म्हणजे 2014 सालचा 23वा आठवडा. नक्षी खोल आहे खरी, पण भिंतीला बारीक भेगा आहेत. गाडी हललीच नाही, तर नक्षी झिजणार कशी?