शनिवारचं हळदीकुंकू आणि हेरवाडचा ठराव

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची, हे गावात आता होणार नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. तेव्हापासून आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद अधूनमधून पेटतो: रूढी अशा ठरावानं मोडतात का?

प्रश्न खोटा नाही. विधवा पुनर्विवाहाचा कायदा 1856 चा. तरी 1893 मध्ये समाजसुधारक धोंडो केशव कर्व्यांनी एका विधवेशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्याच गावच्या मुरूडकरांनी बहिष्कार घातलाच.

पण इथे इंग्लंडमध्ये मला या वादाची वेगळीच बाजू दिसते. संक्रांतीचं हळदीकुंकू आम्ही शनिवारी करतो, कारण सुट्टी तेव्हाच. घराऐवजी भाड्याचा हॉल, सुगडांऐवजी स्टीलच्या वाट्या. रथसप्तमी उलटून गेली तरी चालतं. यातल्या कशालाही कुणी परंपरेचा अपमान म्हणत नाही, आणि म्हणूही नये. सण इथे टिकला तो त्यामुळेच. मात्र नवरा गेलेल्या मैत्रिणीला बोलवायचा विषय निघाला की सगळ्यांना परंपरा आठवते. गेल्या वर्षी अशाच एक काकू आल्या आणि थेट किचनमध्ये शिरल्या. सगळ्यांच्या प्लेट त्यांनी भरल्या. करंडा फिरत फिरत जवळ आला, तशा त्या हात धुवायला म्हणून सिंककडे वळल्या. कुणी त्यांना अडवलं नव्हतं. अडवावं लागतच नाही, इतकं ते अंगात मुरलंय.

परंपरा जपायची ओढ मलाही आहे. मुलांना आपलं म्हणून आणखी काय देणार? पण देश सोडला त्या वर्षीचं घर आपण मनात धरून बसतो आणि तिकडे गाव पुढे निघून जातं. हेरवाडनं कुंकवाला नावं ठेवली नाहीत, ते पुसायला नकार दिला. परंपरेचा याहून मोठा मान मला दिसत नाही.

येत्या जानेवारीत आमच्याकडे सगळ्याजणींना आमंत्रण जावं, असा माझा आग्रह आहे. करंडा प्रत्येकीसमोर धरायचा. लावायचं की नाही, हे तिचं तिनं ठरवावं. आणि ज्या आजींना हे पटत नाही, त्यांच्याकडे आधी घरी जाऊन निवांत बोलायचं, चारचौघांत नाही.