टेरेल डेव्हिसला जो न्याय, तो खाशाबांना का नाही?

"एका कांस्यपदकावर किती वर्षं पद्म मागत बसायचं?" गावाकडच्या मित्रांच्या ग्रुपवर ऑलिंपिकवीर पैलवान खाशाबा जाधवांना पद्म पुरस्कार मिळावा हा विषय निघाला की हा प्रश्न कोणीतरी टाकतोच. मी ओहायोत राहतो. याच राज्यात कँटन नावाचं शहर आहे, तिथं अमेरिकन फुटबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचं मानाचं दालन आहे, आणि रनिंग बॅक खेळाडूंवरून तिथं दरवर्षी हाच वाद पेटतो: दीर्घकाळ टिकलेला मोठा, की थोडाच काळ पण सगळ्यांच्या वर खेळलेला?

रनिंग बॅकचं काम म्हणजे कबड्डीतली चढाई, फक्त समोर सातऐवजी अकरा गडी, आणि त्यातले बरेच शंभर-सव्वाशे किलोचे. चेंडू छातीशी धरायचा आणि त्या भिंतीत घुसायचं, एका सामन्यात वीस-पंचवीस वेळा. गुडघे, घोटे, खांदे लवकर जातात. तिशी ओलांडून दमदार खेळणारा रनिंग बॅक विरळाच.

म्हणून या खेळाडूला एकूण यार्डांवर, म्हणजे चेंडू घेऊन कारकिर्दीत किती अंतर कापलं यावर, मोजणं मला पटत नाही. त्यात हंगामच लांबत गेले. १९६० पर्यंत हंगामात बाराच सामने असायचे, मग चौदा झाले, १९७८ पासून सोळा आणि २०२१ पासून सतरा. जिम ब्राऊन नऊ हंगामांत १२,३१२ यार्ड धावला आणि त्यातल्या आठ हंगामांत लीगमध्ये पहिला होता. आज एकूण यार्डांच्या यादीत त्याच्या वर अनेक नावं आहेत. त्याच्याहून भारी किती, हे त्यांच्याच चाहत्यांना विचारा.

टेरेल डेव्हिस हे माझं लाडकं उदाहरण. १९९५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तिथं, डेन्व्हर संघाने त्याला सहाव्या फेरीत घेतलं, म्हणजे जवळपास कोणालाच नको होता. जानेवारी १९९८ च्या सुपर बाउलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, अर्धशिशी उसळली आणि त्याला दिसेनासं झालं. प्रशिक्षक माइक शॅनहन यांनी तरीही एका चालीपुरतं त्याला मैदानात ठेवलं, कारण तो उभा दिसला तरच समोरच्या ग्रीन बे संघाचे खेळाडू त्याच्याकडे धावणार होते. ते धावले, आणि चाल रचणारा खेळाडू, क्वार्टरबॅक जॉन एलवे, चेंडू घेऊन गोलरेषेच्या आत शिरला, म्हणजे टचडाउन झाला. बाकीचा दुसरा क्वार्टर, म्हणजे मध्यंतरापर्यंत, डेव्हिस बाहेर होता. मध्यंतरानंतर परतला, सामन्यात एकूण १५७ यार्ड आणि तीन टचडाउन केले, आणि डेन्व्हरने पहिला सुपर बाउल जिंकला. त्यापुढच्या हंगामात तो २,००८ यार्ड धावला. मग १९९९ मध्ये गुडघा फाटला. कारकीर्द ७८ सामने, ७,६०७ यार्ड. हा आकडा तुटपुंजा म्हणून त्याला ताटकळत ठेवलं, पण शेवटी २०१७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. बरोबरच केलं.

याच्या उलट टोकाला फ्रँक गोर, हाही रनिंग बॅक. कॉलेजातच दोन्ही गुडघे फाटलेले, तरी सोळा हंगाम, १६,००० यार्ड, सर्वकालीन यादीत तिसरा. चिवटपणाला माझा मनापासून सलाम आहे. पण तो एकाही हंगामात लीगमध्ये पहिला नव्हता, वर्षाच्या सर्वोत्तम संघात पहिल्या पसंतीने एकदाही निवडला गेला नाही. डेव्हिस तीनदा निवडला गेला. दोघांतून एकच घ्यायचा असेल तर मी डेव्हिस घेईन, क्षणभरही विचार न करता.

आता हीच कसोटी खाशाबांना लावा. गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला, तोही गादीवरच्या कुस्तीचा फारसा सराव नसताना. पुढच्या ऑलिंपिकसाठी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकलं. १९५२ चं ते कांस्य स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचं यायला १९९६ उजाडलं, टेनिसपटू लिअँडर पेसपर्यंत चव्वेचाळीस वर्षं. "एकच पदक" म्हणणाऱ्यांनी ही चव्वेचाळीस वर्षं नजरेसमोर धरावीत. अख्ख्या देशातून एवढ्या काळात दुसऱ्या कोणाला एकट्याच्या बळावर तिथं पोहोचता आलं नाही. १९८४ मध्ये रस्ता अपघातात खाशाबा गेले. हयातीत पद्म नाही, अर्जुन मिळाला तोही मरणोत्तर.

कँटनची पद्धत निर्दोष नाही. बंद दाराआड पन्नासेक जण, बहुतेक पत्रकार, मतं देतात आणि ऐंशी टक्के मिळाली की दार उघडतं. पण तिथं प्रत्येक नावाची बाजू कोणीतरी उभं राहून मांडतं. आणि निवृत्त होऊन पंचवीस वर्षं उलटलेल्यांसाठी वेगळा गट आहे, त्यातून हयात नसलेल्यांनाही घेतलं जातं. विसरलेल्या माणसाकडे पुन्हा वळून पाहायची सोय नियमातच आहे.

पद्मच्या नियमांत याच्या नेमकं उलट आहे. मरणोत्तर पुरस्कार अपवाद म्हणूनच, आणि तोही निधन अलीकडचं, साधारण वर्षभरातलं असेल तर. या हिशेबाने खाशाबांची मुदत १९८५ मध्येच संपली. म्हणजे त्यांच्या कामगिरीवर चर्चा व्हायच्या आधीच अर्ज बाद. ही अट जुन्या खेळाडूंपुरती तरी काढून टाका, त्यांच्यासाठी वेगळी समिती नेमा, तिच्यात कुस्ती जाणणारी माणसं बसवा. मग खाशाबांची बाजू मांडू द्या आणि मत घ्या.