तास बदलतानाची दोन मिनिटं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार गुरुजी,

तास बदलताना मुलांना शांत करायला मी दोन मिनिटं टाळ्या नि श्वासाचे खेळ घेते, असं लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली.

'हाताची घडी, तोंडावर बोट म्हटलं की आमचा वर्ग गप्प व्हायचा. श्वास घ्या, श्वास सोडा हे शहरातलं फॅड. अशाने अभ्यासक्रम कधी संपणार?' असं तुम्ही विचारलंत.

वेळेचा मुद्दा खरा आहे. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास धरलेत. दिवसातून तीनदा दोन-दोन मिनिटं घेतली तर वर्षाचे २० तास होतात. हा थोडा वेळ नव्हे. पण मधल्या सुट्टीनंतर थेट 'पुस्तकं काढा' म्हटलं, तर त्याहून जास्त वेळ माझ्या ओरडण्यात जातो.

आमची शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरी एकत्र, खोली तीच, बाई त्याच. गणित संपून मराठी लागलं हे मुलाला कळावं कशावरून? हायस्कुलात निदान सर बदलतात. म्हणून मी आधीच सांगते, 'अजून दोन गणितं, मग वही बंद.' रमलेल्या मुलाची वही अचानक मिटली की ते चिडतं, आणि आपण त्याला हट्टी म्हणून मोकळे होतो.

खिचडी खाऊन, शिवाशिवी खेळून आलेल्या पोरांची छाती धडधडत असते. त्यांना लगेच मांडी घालायला लावत नाही. उभ्यानेच टाळ्या : आधी जोरात, मग हळू, मग दोन बोटांनी. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की टाळीही ऐकू येत नाही. तेव्हा नुसता हात वर करते. मग 'गरम पेजेवर फुंकर घाला.' श्वास लांबवून सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात, देवगडात काय नि मुंबईत काय. आणि पेज तर इथल्या पोरांनी रोजच फुंकून खाल्लेली.

तोंडावर बोट ठेवलेलं मूल गप्प असतं, एवढंच. भेदरलेलंही गप्पच असतं, आणि त्याच्या डोक्यात धडा शिरत नाही.

तुम्हीच पुढे लिहिलंत, दुपारी आधी सगळ्यांकडून तालात पाढे म्हणवून घ्यायचात. ते तरी काय वेगळं होतं, गुरुजी? एका सुरात म्हणताना श्वास आपोआप लयीत येतो.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. शिमग्यात पालखीमागे रात्ररात्र जागलेली पोरं शाळेत येतात ती पेंगलेली, नाहीतर चेकाळलेली. तेव्हा फुंकरही चालत नाही, टाळीही नाही. वह्या वाटण्यासारखी कामं देऊन काही जणांना मार्गी लावते, पण अख्खा वर्ग नाही. त्या आठवड्यात तुम्ही काय करायचात, ते जरूर लिहा.